'फेटल' या क्रियापदाचे तीन साक्षीदार

६ फेब्रुवारी १९५६
बोलीसंस्थेच्या मिस थ्वेट यांचं पत्र. यॉर्कशरच्या बोलीच्या शब्दकोशातलं 'फेटल' हे क्रियापद लिहायला माझ्याकडे! नोंदीखाली नाव छापतात. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नाव छापून आलं एकदाच, वर्तमानपत्रात, तेही चुकीचं. 'ई. बॅराक्लफ' अशी सही सात वेळा करून पाहिली. शेवटची बरी आली. मुदत १० मार्च. पंधरवड्यात हातावेगळं करीन.

७ फेब्रुवारी
व्युत्पत्ती झालीसुद्धा. मूळ शब्दाचा अर्थ पट्टा. म्हणजे आधी कंबर कसणे, मग सज्ज करणे, मग आवरणे, दुरुस्त करणे. सहा पानं झाली. चहा दोनदा गार झाला. आता फक्त तीन साक्षीदार हवेत: इथेच जन्मलेले, शब्द सहज वापरणारे, नाव-वयासकट. आमच्या थॉर्नरॉयड गावात हा शब्द कुत्र्यांनासुद्धा कळतो. एका सकाळचं काम.

९ फेब्रुवारी
फाउंड्रीत गेलो. ओतीव लोखंडाच्या कडा घासण्याला तिथे फेटलिंगच म्हणतात. फोरमन सॅम लम्ब माझा विद्यार्थी. विचारलं, काय करतोस? टोपी काढून ताठ उभा राहिला. म्हणाला, सर, मी धातूचा अनावश्यक भाग काढून टाकत आहे. मागे दहा जण, तेही माझेच विद्यार्थी, हाताची घडी घालून उभे. त्यातले दोघे तर आता आजोबा आहेत. शिस्त टिकून आहे याचा आनंद झाला. शब्द नाही मिळाला.

१३ फेब्रुवारी, दुपार
नवी युक्ती. सायकलची चेन मुद्दाम काढली आणि पबच्या दारात उभा राहिलो. आता कोणीतरी म्हणणारच, द्या इकडे, फेटलून देतो. तिघं धावत आले. चेन बसवली. रिपेअर केली सर, म्हणाले. चेन पुन्हा काढली. पुन्हा रिपेअर. चौथ्या खेपेला त्यांनी मला आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. हात अजून काळे आहेत.

१८ फेब्रुवारी
यश! जवळजवळ. घरकामाला येणाऱ्या मिसेस ओल्डरॉइड कोळसेवाल्यावर ओरडत होत्या: पाय पूस मेल्या, आत्ताच फेटललंय मी सगळं, नाहीतर तुलाच फेटलीन! वही घेऊन धावलो. म्हटलं, पुन्हा म्हणा. त्या म्हणाल्या, मी स्वच्छता केली, सर. मी म्हटलं, ते नव्हे, आधीचं. तर रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, चुकून तोंडून गेलं हो. याच शब्दापायी आमच्या आर्थरच्या हातावर तुम्ही चौदा पट्ट्या मारल्या होत्यात, मी विसरले नाही.

चौदा ही अतिशयोक्ती. फार तर दहा. शिवाय म्हणूनच आर्थर आज लीड्समध्ये क्लार्क आहे. नाव देता का विचारलं. नको म्हणाल्या. या लोकांना स्वतःच्या भाषेची लाज का वाटते, कळत नाही.

२६ फेब्रुवारी
बसवत नाही. उठवत नाही. टेकडीपर्यंत तीनदा जाऊन आलो. व्युत्पत्ती अकरा पानं झाली. साक्षीदार शून्य.

१ मार्च
इतकं साधं कसं सुचलं नाही! जन्म थॉर्नरॉयडचा, वय एकसष्ट. साक्षीदार मीच. एक भक्कम साक्षीदार तीन लेच्यापेच्यांना भारी. मिस थ्वेट यांना तसं कळवलं.

१० मार्च
चॅपलच्या हॉलमध्ये सभा. माझी साक्ष नोंदवायला मिस थ्वेट टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. निम्मं गाव हजर. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी हा शब्द कोण वापरायचं? म्हटलं, आई. रविवारी चॅपलला निघताना मला पुढ्यात ओढून, तयार करता करता हा शब्द म्हणायची. पुढे स्कॉलरशिप मिळाल्यावर मी तिची भाषा सुधारली. मग ती माझ्याशी बेतानेच बोलायची.

मिस थ्वेट म्हणाल्या, छान. समजा आईच्या घरचा नळ गळतोय, तिला काय म्हणाल? यंत्र फिरू लागलं. मी म्हणालो, आई, मी तो दुरुस्त करवून घेईन. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही दुरुस्तच. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, मिस्टर बॅराक्लफ, रागावू नका, जरा बाहेर थांबाल का? तुम्ही समोर असलात की कोणी बोलत नाही हो.

कॉरिडॉरमध्ये थांबलो. दार नीट लागत नाही. आधी सॅम बोलला, मग मिसेस ओल्डरॉइड, मग सगळेच. एकमेकांना तोडत, खिदळत. तो शब्द मी अकरा वेळा मोजला. एक म्हातारी नातवाला चॅपलसाठी कशी तयार करते ते सांगत होती, अगदी आईचेच शब्द, तोच सूर. आत जाऊन तिच्याजवळ बसावंसं फार वाटलं. पण गेलो असतो तर ती गप्प झाली असती. बाहेरच थांबलो.