नऊ नंबरचे ताट

नमो बुद्धाय.

मी, पंचफुलाबाई भीमा सोनकांबळे, वय सदुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार लातूर, आज सकाळची वंदना करून, पोटात भाकर आणि डोके थंड असताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. बी.पी.ची गोळी सोडली तर मी धडधाकट आहे. घाई माझ्या मरणाची नाही. कशाची, ते पुढे येईल.

मला मुले दोन. अश्वजित खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. महामाया उमरीला दिली, तिथे अंगणवाडीत आहे. अश्वजितची मुलगी लुंबिनी, वय एकोणीस, डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसते आहे.

१. घर. मालक जळकोट तालुक्यात शाळामास्तर होते. निवृत्तीच्या पैशात त्यांनी हा प्लॉट घेतला आणि कागद माझ्या नावे केला. "तू राखशील," म्हणाले. हे घर मी लुंबिनीला देते. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत कारभार महामायाने पाहावा. अश्वजितने खालच्या मजल्यावर हयातभर खुशाल राहावे, पण वर एकही विद्यार्थी ठेवू नये. ठेवला तर त्याचा राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपला.

याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने लेकाला डावलले.

वर आठ पोरे राहतात, लुंबिनी खाली माझ्यापाशी. जेवायला नऊ. आपल्यात भांड्यावर नाव कोरतात; अश्वजितने ताटांवर नंबर कोरून आणले. रविवारच्या टेस्टचा निकाल लागला की ज्याचा जो नंबर, त्याला आठवडाभर ते ताट. नऊ नंबरवाल्याने सगळ्यांना पाणी वाढायचे आणि सगळे उठल्यावर एकट्याने जेवायचे.

मी म्हणाले, "अश्वजित, लेकरू जेवायला बसलंय, परीक्षेला न्हाई."

"आई, धाक असल्याबिगर अभ्यास होत नसतो. दादांनी मला धाकातच शिकवलं."

"तुझ्या दादांनी? तू त्यांच्या खांद्यावर बसून पाढे म्हणायचास. चुकलास की तेच हसून परत सुरू करायचे."

"मला न्हाई आठवत," म्हणाला आणि वर गेला.

त्याला खरेच आठवत नसावे. त्याला आठवते ते डॉक्टरकीचे थोडक्यात हुकलेले ॲडमिशन आणि क्लासमधला शेवटचा बाक. त्याचे वाईट मलाही वाटते. पण मालक हजेरीआधी एकेका पोराला "जेवलास का" असे विचारायचे, आणि त्यांच्या वर्गात जनावरे राखणारी पोरे वाचायला शिकली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२. ताटे. माझ्यामागे ती कोणाला देऊ नयेत, विहारालाही नाही. मोडीत काढावीत. त्यावर कोणी जेवू नये.

चाकूरचा शिवम वर राहायला आला तेव्हा पहिल्या दोन नंबरांत होता. भाकरी थापताना माझ्यापाशी बसून गणिते सोडवायचा, तोंडाने गाणे चालू. मग एकदा नऊ नंबर लागला आणि सुटेना. मला म्हणाला, "आजी, मला येतंय ओ समदं. सर दारात आले की हात गार पडतो." जिन्यावर पाऊल वाजले की तोंडातला घास तसाच धरायचा. दिवाळीनंतर ताट घासून, पुसून, पालथे घालून निघून गेला. नांदेडच्या स्टेशनवर सापडला. घरी आहे, पण बोलत नाही. वर त्याची जागा आठवड्यात दुसऱ्या पोराने भरली. त्याचे वडील वळकटी न्यायला आले, तेव्हा अंगणातच उभे राहिले. "मावशी, पोरगं तुमच्याकडं दिलं तवा बोलत होतं," एवढेच म्हणाले. त्यांना मी निरोप धाडून साक्षीला बोलावले आहे.

३. माझी पाटली सून प्रियदर्शनीला. ती नर्स आहे, नांदेडला नोकरी करते, आठवड्याने येते. कलम ५ ला तिची संमती आहे. फोनवर म्हणाली, "आत्या, मी विचारलं की पोरगी हसून 'बरंय' म्हणते. मला त्या हसण्याचीच भीती वाटून राहिली." पोस्टातली ठेव महामायाला. मोठे पातेले व सतरंज्या विहाराला.

४. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणाला मानाने पुढे बसवू नये. सगळ्यांनी गोल बसावे. वरण पातळ चालेल, उगीच खर्च नको.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालते हे मला ठाऊक आहे. हे कलम मात्र आजपासून. लुंबिनी माझ्या व तिच्या आईच्या संमतीने महामायाकडे उमरीला राहील. गेल्या महिन्यात तिला नऊ नंबर लागला. पुढच्या टेस्टला ती तिसरी आली, तरी तिने नऊ नंबरचेच ताट उचलले. पोरांना पाणी वाढले आणि शेवटी जेवली. अश्वजित म्हणाला, "बघ, जिद्द आली." मला जिद्द दिसली नाही. मला शिवम दिसला. परवा तिने आपली रंगपेटी शेजारच्या पोरीला देऊन टाकली. आता मला काय करायचीय, म्हणाली.

आज रविवार. अश्वजित टेस्ट घ्यायला गेला आहे. लुंबिनीला मी जाऊ दिले नाही. महामाया आली आहे, रिक्षा दारात आहे. अश्वजितला कळेल तेव्हा तो जिन्यावर पाय आपटत वर जाईल आणि आठही पोरे गप होतील. त्यांच्या आईबापांना, येऊन घेऊन जा म्हणून, मी फोन केले आहेत. तोवर पत्रावळीवर वाढीन.

मोडीसाठी ताटे आजच बाजूला काढली तर आठच भरली. लुंबिनीला विचारले. "राहू दे ना आजी, मला लागतं ते." पिशवीत कपड्यांखाली ठेवले आहे.

महामाया, हे तुझ्यासाठी. ते ताट तिच्या हातून हिसकू नकोस. ती शेवटी जेवायला बसेल. तूही तोवर थांब, तिच्या शेजारी बस आणि त्याच ताटात जेव. तिला एकटी सोडू नकोस, न्हाणीत गेली तरी दाराशी बोलत राहा.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : ११ जानेवारी २०२६

सही : पंचफुलाबाई भीमा सोनकांबळे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली :
१. मल्लेश रेवणसिद्ध हुडगे, चाकूर (शिवमचे वडील)
२. केवळाबाई आप्पासाहेब जाधव, लातूर (शेजारी)