भांग, उधाण आणि आजीव अध्यक्ष

१ जानेवारी
आजपासून माझं ‘भरतीघडी’ ॲप ओपन सोर्स. म्हणजे कोड जगाला खुला. कोणीही सुधारणा पाठवावी, मी तपासून घेणार. बोईसरमधला असा मी पहिलाच. निदान आमच्या सोसायटीतला तरी. ॲप भरती-ओहोटीच्या वेळा सांगतं. मी मूळचा लातूरचा, समुद्राशी संबंध पापलेटापुरता. पण लांबून जास्त स्वच्छ दिसतं.
संकल्प : हुकूमशाही करायची नाही.

३ जानेवारी
प्रकल्पाची घटना लिहिली. एकोणीस पानं. अध्यक्ष मी, आजीव. उपाध्यक्ष दर्पण, कंपनीतला माझा ज्युनियर. त्याला अजून सांगितलेलं नाही.

९ जानेवारी, संध्याकाळी ६
पहिली सुधारणा आली! किनाऱ्यावरच्या दांडी गावची तेजल, कोळ्यांची मुलगी, पालघरला कॉम्प्युटर शिकते. तिचं म्हणणं, माझ्या वेळा मुंबई बंदराच्या आहेत. दांडीला पाणी चाळीस मिनिटं उशिरा येतं. दुरुस्ती करून पाठवली आहे. शिवाय ॲपमध्ये ‘भांग’ हा शब्द घातलाय. अमली पदार्थ! कलम अकराखाली सगळंच परत पाठवलं.

१० जानेवारी
तेजलने कळवलं की अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला असतं ते उधाण. शक्य आहे. अभ्यास समिती नेमली. समितीत सध्या मी.

१७ जानेवारी
तेजलने चाळीस मिनिटांचं काय झालं विचारलं. फॉर्म पूर्ण भरला नसल्याचं नम्रपणे कळवलं. फॉर्म अजून तयार व्हायचाय. शिस्त आधी लागली पाहिजे.
वर्षाराणी म्हणाली, पोरीचं ऐकायला काय जातं? बायकोला ओपन सोर्समधलं राजकारण कळत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून दांडीला पहिली वार्षिक परिषद. होडीत बसून ॲपचं प्रात्यक्षिक. होडी तेजलच्या आईची, जमनाबाईंची. ॲपप्रमाणे सव्वानऊला होडी तरंगणार होती. मी, दर्पण आणि कंपनीतले दोघे वेळेवर चढून बसलो. होडी चिखलात. मी अध्यक्षीय भाषण सुरू केलं. होडी चिखलातच. जमनाबाई काठावर जाळं शिवत होत्या. मी म्हटलं, ॲपमध्ये तर पाणी आलंय. त्या मान वर न करता म्हणाल्या, “येल पाणी. त्याला तुमची मंजुरी नाय लागत.”
नऊ पंचावन्नला होडी हलली. तेजल घड्याळाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघून हसली. समजूतदार मुलगी.
भाषण ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं लांबलं. कोणी उठून गेलं नाही, हे विशेष.

२ फेब्रुवारी
तेजलने माझा कोड घेऊन वेगळी चूल मांडली. नवं ॲप, नाव ‘उधाण’. वेळा दांडीच्या. खुल्या कोडात हे चालतं म्हणे. परवान्यावर सही माझीच आहे. हरकत नाही. घटना नसलेला प्रकल्प टिकत नसतो.

८ फेब्रुवारी
दर्पण तिकडे गेला. उपाध्यक्षपदाचा राजीनामा मागितला, तेव्हा कळलं की तो उपाध्यक्ष आहे हे त्याला आजच समजलं.

२१ फेब्रुवारी
‘उधाण’ दांडीपासून सातपाटीपर्यंत चालतंय. ‘भरतीघडी’ आता दोन फोनवर. दुसरा वर्षाराणीचा. तिला विचारलं. म्हणजे एका.

१ मार्च
मन मोठं केलं. ‘उधाण’ला मार्गदर्शनाची गरज आहे, म्हणून एका वेलांटीची दुरुस्ती पाठवली. पंधरा मिनिटांत मंजूर. फॉर्म नाही, समिती नाही. असा कारभार असतो का?
सोबत आपोआप जाणारा निरोप आला : पहिल्यांदाच मदत करताय? आभार. घाबरू नका, नवशिक्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवली आहेत.
यादी उघडली. सगळ्यात सोपं निवडलं.
कसं करायचं, ते उद्या दर्पणला विचारावं लागेल.