शब्दाचं शेपूट

सोमवार, २ मार्च १९८१
ह्यांच्या निवृत्तीला महिना राहिला. ३१ तारखेला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ. मोठे जर्मन साहेब तेव्हा इथेच असणार. जेवताना हे म्हणाले, "भाषण मी इंग्रजीत करणार." मी ताटाकडे बघत राहिले. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, माझ्यासमोर इंग्रजीत एक वाक्य बोलले नाहीत. कॉन्व्हेंटची बायको ऐकेल म्हणून. कधी एक-दोन शब्द बोलावेच लागले तर शब्दाचं शेपूट गिळतात, म्हणजे चूक सापडत नाही.
"मी लिहून काढतो, तू तपास. हसायचं नाही."
"मी कधी हसले?"
"हसत नाहीस. ओठ दाबतेस."

गुरुवार, ५ मार्च
कंपनीची आठवड्याची सुट्टी. सकाळीच दाढी-आंघोळ उरकून कागद घेऊन बसले. पहिलंच वाक्य: आय अ‍ॅम अ सॅटिस्फाइंग मॅन. मी ओठ दाबले. दिसलं त्यांना.
मग सिस्टर बर्नाडेटची युक्ती सांगितली. चटका देतो तो तवा, त्याला इंग. चटका बसतो ते बोट, त्याला एड. काम टायरिंग, माणूस टायर्ड. सांगताना पुण्यात लष्कर भागातल्या माझ्या शाळेचा तो वर्ग डोळ्यांपुढे आला, उंच खिडक्या, सिस्टरांच्या बाहीवरचा खडू. त्यांचा आवाज माझ्या घशातून निघाल्यासारखा वाटला.
हे त्या वाक्यावर बोट ठेवून, "म्हणजे मी सॅटिस्फाइड. आणि कंपनी सॅटिस्फाइंग."
"बरोबर."
"बोनसच्या दिवसांत सोडून."

रविवार, ८ मार्च
पाळी सुटल्यावर समोरचे जगताप आले. ह्यांच्या हाताखाली लेथवर आहेत, मूळचे इथल्याच गावचे. दारातूनच, "वहिनी, फोरमनसायबांस्नी विंग्रजी शिकवताय व्हय?"
मी म्हटलं, बघा ना, बोअरिंग आणि बोअर्डवर अडलोय.
"बोरिंग तर आमच्या मळ्यात हाय. पानी न्हाई लागलं, ती गोष्ट येगळी." मग ह्यांना, "मराठीत बोला की राव. सायबाला न्हाई कळलं तरी टाळ्या वाजवतंयच."
हे हसले नाहीत. "एकोणीस वर्षं साहेब बोलला आणि मी मान हलवली. एकदा त्याला हलवू दे."

गुरुवार, १२ मार्च
दुसरं पान. जिथे एड हवं तिथे सगळीकडे इंग. मी सुधारत गेले. खाली शेवटून दुसरं वाक्य:
माय वाइफ वॉज नेव्हर डिसअपॉइंटिंग.
पेन्सिल थांबली. आहे तसं वाचलं तर चूक काहीच नाही. बायकोने माझी कधी निराशा केली नाही. पण त्यांचा इंग म्हणजे एड, हे तर पानभर दिसतंय. म्हणजे म्हणायचं असणार, बायकोची कधी निराशा झाली नाही.
एड केलं तर ते माझ्याबद्दल होतं. आणि खरं आहे का, ते मला ठाऊक असायला हवं.
"तिथे का थांबलीस?"
"टोक मोडलं."
मोडलं नव्हतं.

शनिवार, १४ मार्च
बासष्ट साली पुण्याहून इथे आलो. त्याआधी मी माझ्याच जुन्या शाळेत तिसरीला शिकवत होते, घरापासून पायी. इथे आल्यावर पाच महिने कासारवाडीहून गाडीने जाऊन पाहिलं. आमची लता लहान, ह्यांची पहिली पाळी, शेजार म्हणावा तर जोंधळ्याचं रान. गाडी चुकायची. दिवाळीत सोडली नोकरी. कोणी सोड म्हणालं नाही. हे एवढंच म्हणाले, "बघ, तुला काय ते."
दुःख म्हणू नये. लता इथे वाढली, सुखाने नांदतेय. फक्त दर जूनमध्ये तिच्या वह्यांना कव्हरं घालताना मी फार वेळ लावायचे.
ह्याला शब्द कुठला? हिरमुसलेला माणूस संध्याकाळपर्यंत ठीक होतो. निराशा फार मोठी. शिवाय मराठीत निराशा नुसती होते. कोणी केली ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत तवा दाखवावा लागतो.

रविवार, २२ मार्च
पक्की प्रत करायची म्हणाले. मग मी सांगूनच टाकलं. "हे वाक्य दोन्ही तऱ्हांनी होतं. इंग ठेवलं तर मी तुमची निराशा केली नाही. एड केलं तर माझी झाली नाही. तुम्हाला कुठलं म्हणायचंय?"
कागद हातात घेऊन बसले.
"मला वाटलं दोन्ही एकच."
मी स्वयंपाकघरात गेले. मागून हळूच, "दुसरं खरं आहे का?"
"दूध उतू जातंय," मी म्हणाले. खरंच जात होतं.
ती एक ओळ प्रतीत अर्धीच ठेवली आहे.

गुरुवार, २६ मार्च
सुट्टी असून हे सकाळीच बाहेर. सांगून गेले नाहीत. दुपारी जगताप म्हणाले, "फोरमनसायेब कासारवाडी ठेसनावर बाकड्यावर बसलं व्हतं. गाडी आली, गेली, ह्ये बसल्यालंच."
जेवण संपवून, ताक पिऊन झाल्यावर, "तुझी सकाळची गाडी कुठली होती?"
सांगितली. ह्यांनी मान हलवली.

मंगळवार, ३१ मार्च
शाल, नारळ, घड्याळ. कॅन्टीनला झेंडूच्या माळा. मी बायकांच्या रांगेत. ह्यांनी कागद खिशातून काढलाच नाही. सॅटिस्फाइड स्वच्छ म्हणाले, टायर्ड स्वच्छ. साहेबांनी मान हलवली, दोनदा. माझे ओठ दाबलेले होते, पण दुसऱ्याच कारणाने.
मग माझ्याकडे वळले. माय वाइफ वॉज नेव्हर डिसअपॉइंट...
शेपूट गिळलं. महिनाभराची मेहनत, आणि तिथेच.
टाळ्या. जगतापांच्या सगळ्यांत मोठ्या.

बुधवार, १ एप्रिल
पहिल्या पाळीच्या भोंग्याला हे सवयीने उठले. जायचं कुठेच नव्हतं, म्हणून चहा त्यांनी केला. साखर जास्त.
"काल काय ऐकलंस?"
"शेपूट गिळलंत."
"मुद्दाम."
कपाशेजारी भाषणाचा कागद, ती अर्धी ओळ वर येईल असा दुमडलेला. पेन्सिलीला ब्लेडने टोक केलेलं.
"ते तू लाव."
मी पेन्सिल उचलली, परत ठेवली. खिडकीबाहेर लोक सायकलींवरून कामाला चालले होते. हे त्यांच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.
म्हणाले, "घाई नाही. मी आता घरीच आहे."