आमच्या चाळीस एकरांना आग कोणी लावायची

मी, वर्डी मे स्ट्रिंगफेलो, कैलासवासी रूफस स्ट्रिंगफेलो याची बायको, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा पूर्वी सरकारी शिकारभूमीवर, म्हणजे मोसमात सगळ्यांना शिकारीला मोकळ्या असलेल्या रानात, मजुरी आणि आता बसून खाणे, राहणार सायप्रस फोर्क, दक्षिण अलाबामा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने ओढ्यापर्यंत जाऊन गुरुवारी मी लावलेल्या आगीची कड पाहून यावी. दोरी धरल्यासारखी सरळ आहे. मला कोणी धमकावलेले नाही की पढवलेले नाही. ज्यांनी पढवायचा प्रयत्न केला त्यांची नावे पुढे येतीलच.

मागे वकिलाकडून करून घेतलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात आमचे चाळीस एकर सरकारी शिकारभूमीला दिले होते आणि माझा एकुलता मुलगा होलिस याला भिंतीवरचे घड्याळ. गुरुवारी जे घडले त्यानंतर तो कागद मला डोळ्यांसमोर नको झाला. हात अजून काळे आहेत, केसांना धुराचा वास आहे, आणि हे लिहून हातावेगळे केल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. चाळीस एकर कोणाला, ते कलम पाचमध्ये आहे. शार्लीन, सूनबाई, पानं उलटू नकोस.

कलम एक. राहते घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझी नात रेनी, होलिसची मुलगी, हिला द्यावे. छप्पर मागच्या बाजूने गळते. ते मी तिच्या बापाला सांगून सांगून थकले, आता तिने सांगावे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून मयताचा खर्च करावा. उरेल त्यातून शिकारभूमीच्या फाटकाला नवी बिजागरी बसवावी. दर मोसमात कोणीतरी ट्रक घालून ते वाकवतो आणि मग ‘आधीपासूनच तसं होतं’ म्हणतो.

कलम तीन. हत्यारे. माझी तेलाची मशाल, आग झोडपायचे रबरी झोडपणे, दोन्ही दाताळी, करवत आणि फाटकांच्या किल्ल्यांचा जुडगा रेनीला. ती आता शिकारभूमीवर कामाला आहे. तिला सरकारकडून नवी हत्यारे मिळतात, पण त्यांच्या दांड्यांना काही वजनच नाही.

त्या जागी मी तीस वर्षे राबले. वाटा कापल्या, तुंबलेल्या मोऱ्या उपसल्या, हरणांसाठी ज्वारीचे पट्टे पेरले, शिकाऱ्यांनी गोळ्या घालून चाळण केलेल्या पाट्या बदलल्या. आणि दर हिवाळ्याअखेर पाळीपाळीने रान जाळले. त्या वेळचा मुकादम क्लेटस ओडम याने एका वर्षी लाव्यांची पिल्ले गवतात असताना रस्त्याकडेचे गवत कापायला लावले. मी नाही म्हटले तर म्हणाला, ‘‘वर्डीबाई, साहेबांना रस्ता नीटनेटका दिसायला हवा.’’ त्याला मी क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. साक्षीदार म्हणून तो चालेल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे कायदा म्हणतो, म्हणून त्याला काही दिलेले नाही. तसेही देणार नव्हते.

कलम चार. कबरस्तान. हे चाळीस एकरांच्या कोपऱ्यात आहे. माझे आईबाप, रूफस, सगळे तिथेच. आमच्याकडे कबरस्तानात गवताची काडी ठेवायची नाही, कुदळीने खरवडून अंगणासारखे झाडून ठेवायचे, ही रीत माझ्या आजीच्याही आधीची. रान जळत आले तरी उघड्या मातीपाशी येऊन आग आपोआप बसते. माझ्या सुनेला, शार्लीनला, हे ओकेबोके वाटले. तिने तिथे विकतच्या गवताची गादी अंथरली आणि रूफसच्या उशाशी प्लास्टिकची फुले खोचली. मी बोलले तर म्हणाली, ‘‘आई, लोक काय म्हणतील? मामंजी मातीत पडल्यासारखे दिसतात.’’ मी म्हटले, मातीतच पडलाय तो.

आता गुरुवारचे. पाऊस नाही, वारा नाही, परवानगी नाही, असे करत दोन वर्षे जाळणे राहिले होते. यंदा सगळे जुळून आले, आणि पहिल्यांदाच सगळा कारभार रेनीच्या हुकमाखाली. आग माझ्या हद्दीतून सुरू करायची होती. माझ्या हद्दीतली पहिली रेघ मी लावणार, हे मी तिला आधीच बजावून ठेवले होते. मी बूट चढवत होते तेवढ्यात होलिस आला. गळ्यात टाय, खिशात कागद, आणि मागे शहरातला घरे बांधणारा तो प्रुइट.

‘‘आई, एक सही फक्त. या वयात तुला ट्रॅक्टर चालवायला लागू नये म्हणून म्हणतो.’’

‘‘ट्रॅक्टर चालवायचा बंद झाला की म्हातारपण येतं. सरक, मला जाळायला जायचंय.’’

त्या सहीची गोष्ट साधी आहे: जमीन प्रुइटला विकायची. आमचे चाळीस एकर हमरस्ता आणि शिकारभूमी यांच्या मधे आहेत. जाळणारी माणसे, पाण्याची टाकी, ट्रॅक्टर, सगळे आमच्या फाटकातून आत जाते आणि धूर आमच्यावरून जातो. इथे बंगले उभे राहिले की पहिल्या वर्षी धुराची तक्रार आणि दुसऱ्या वर्षी आग बंद. आग बंद म्हणजे झुडूप माजणार, लावे जाणार, टर्की जाणार. आणि ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्या माणसाला बंदूक घेऊन शिरायला या भागात दुसरे रान नाही. माझा रूफस त्यांतलाच होता. चाळीस एकर माझ्या बापाचे.

मी मशाल तिरकी केली आणि चालू लागले. थेंब थेंब पेटते तेल पडते आणि मागे आगीची झालर उभी राहते. पाइनच्या वाळक्या सुया अशा तडतडतात की अंगावर काटा येतो. मोठ्या झाडांना काही होत नाही, त्यांची साल जाड. मेला तो फक्त खालचा कचरा. गुडघे दुखत नसते तर मी नाचले असते, आणि खरे सांगायचे तर थोडी नाचलेच.

मग वारा फिरला. एक ठिणगी कबरस्तानात पडली. हिवाळ्यात शार्लीनचे गवत कागदासारखे वाळलेले असते. जिथे आग बसायची तिथेच ती उठून पळाली. रूफसच्या उशाची फुले वितळून गेली. पुढे शेजारच्या बर्निस टेटचा चाऱ्याने भरलेला गोठा, आणि पाण्याची टाकी लांब ओढ्यापाशी.

होलिसने माझ्या हातातली मशाल ओढून घेतली. मला वाटले विझवतोय. तो आपल्या पोरीकडे वळला, जिच्या कामाला तो ‘दोन वर्षांचं खूळ’ म्हणायचा, आणि म्हणाला, ‘‘रेनी, कुठून लावू?’’

‘‘बर्निसबाईंच्या रस्त्याला धरून लावा, बाबा. चालत लावा, पळू नका. आणि आधी तो टाय काढा.’’

त्याने टाय काढला. रस्त्याच्या कडेने, गोठ्याकडे पाठ करून, येणाऱ्या आगीला समोरून दुसरी आग लावत गेला. बापाच्या थडग्याला वळसा घालताना पाऊल चुकले नाही. शार्लीन ओले पोते घेऊन धावली आणि ठिणग्या झोडपत सुटली. तिच्या एका बुटाचा तळ वितळून जमिनीला चिकटला, तरी मागे हटली नाही. दोन्ही आगी मधोमध भेटल्या, उंच उठल्या आणि खायला काही न उरल्याने बसल्या. गोठा वाचला.

प्रुइट नाकाला रुमाल लावून म्हणाला, ‘‘हे असं नेहमी असतं?’’

‘‘दर दोन वर्षांनी,’’ होलिस म्हणाला.

‘‘पण बंद करता येत असेल ना?’’

‘‘माझ्या मुलीला विचारा.’’

‘‘नाही,’’ रेनी म्हणाली. तिने वर मानही केली नाही.

प्रुइटची गाडी गेली. मी म्हटले, ‘‘होलिस, तुझं गिऱ्हाईक गेलं.’’ तो काळे थुंकला आणि म्हणाला, ‘‘जाऊ दे. आई, तुझ्याकडे अजून तेल आहे का? तो कोपरा राहिलाय.’’

तेव्हा या कलमाने ठरवते की कबरस्तानातले उरलेसुरले गवत काढून माती पूर्ववत खरवडावी आणि तिथे प्लास्टिक आणू नये. माझी कुदळ, खराटा आणि जाळायच्या वेळचे कातडी बूट शार्लीनला द्यावेत. बूट तिला थोडे मोठे होतील. मोजे घालावेत.

कलम पाच. एका दुपारच्या कौतुकावर चाळीस एकर देऊन टाकणारी बाई मी नाही. म्हणून असे: सदर चाळीस एकर होलिस याच्याकडे त्याच्या हयातीपर्यंत राहतील. त्याला ते विकता येणार नाहीत, त्यावर घर बांधता येणार नाही, आणि शिकारीच्या मोसमात फाटक कोणासाठीही बंद ठेवता येणार नाही. दर दोन वर्षांनी जमीन जाळावी. मशाल होलिसच्या हातात आणि हुकूम रेनीचा. पाऊसवारा आड आला तर गोष्ट वेगळी, आणि तो आड आला की नाही हे रेनी सांगेल. पण ‘यंदा राहू दे’ असे होलिस नुसत्या आळसाने म्हणाला, तर त्याच दिवशी त्याचा हक्क संपून जमीन शिकारभूमीला जाईल. त्याच्यामागे ती तिकडेच जायची आहे.

हे सगळे रेनीलाच का दिले नाही, असे ती विचारणार नाही, पण शार्लीन विचारील. रेनी काही मिळाले नाही तरी जाळणारच. ज्याला बांधून घालायला हवे त्यालाच मी दावे लावले आहे.

कलम सहा. माझ्या मयताच्या दिवशी वारा चांगला असेल तर आधी रान जाळावे, मग मला पुरावे. मी थांबेन. जेवणाला तळलेला मासा, शेंगांचे दाणे आणि मक्याचा पाव असावा. पाद्रीबाबांनी थोडक्यात आटपावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेनीने करावी.

जोड. वरील मजकूर मी आज ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. होलिसने कागद मागून घेतला आणि कलम पाच पुन्हा वाचले. शार्लीन म्हणाली, ‘‘अहो, बोला ना काहीतरी.’’ तो म्हणाला, ‘‘कलम पाच चुकलंय.’’ मी भांडायच्या तयारीने चष्मा काढला आणि विचारले, कुठे. तो म्हणाला, ‘‘ओढ्याकडच्या पट्ट्याला दोन वर्षं फार झाली, आई. एका उन्हाळ्यात तिथं झुडूप कमरेला लागतं. तो दर वर्षी जाळायला हवा.’’

म्हणून कलम पाचमध्ये ‘दर दोन वर्षांनी’ याच्यापुढे ‘आणि ओढ्याकडचा पट्टा दर वर्षी’ असे वाचावे. हे शब्द होलिसच्या सांगण्यावरून माझ्या हाताने समासात घातले आहेत आणि तिथे माझी सही आहे.

ठिकाण: सायप्रस फोर्क, घराची पुढची ओसरी
तारीख: २४ फेब्रुवारी २०१८

सही: वर्डी मे स्ट्रिंगफेलो

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. बाई शुद्धीवर आहेत.

साक्षीदार: बर्निस टेट, शेजारीण
साक्षीदार: क्लेटस ओडम, निवृत्त मुकादम. ते गवत वरून हुकूम आला म्हणून कापले होते.

त्याने हे लिहिले ते मी पाहिले आहे. हुकूम कोणाचाही असो, पिल्ले तीच होती. व. मे. स्ट्रि.