वाडग्यावरचा हात

सोमवार, ३ ऑक्टोबर

नोकरी लागली. लोकांना झोपवण्याची नोकरी, आणि तीही मला, जिने कित्येक वर्षांत धड झोप पाहिलेली नाही. हे ऐकून धाकटा भाऊ बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसला. तेवढ्यावर आजचा दिवस सार्थकी लागला.

केंद्र चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. मोठी खोली, जाड गालिचा, ओळीने गाद्या, आणि बुटक्या टेबलावर काशाचे लहानमोठे वाडगे. माणसं येतात, पांघरूण घेऊन आडवी होतात. आपण लोकर गुंडाळलेल्या दांड्याने वाडगे वाजवायचे. नाद अंगावरून जातो आणि डोकं हलकं होतं. हे औषध नाही, आजार बरा होतो असं कुणाला सांगायचं नाही, इथे फक्त विसावा मिळतो, असं केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं. मला ते आवडलं. बाई फुशारक्या मारणारी नाही.

नियम एकच. नाद आपणहून विरू द्यायचा, वाडग्याला हात लावून थांबवायचा नाही. माणूस मनावरचं ओझं त्या नादावर ठेवतो आणि नाद ते घेऊन जातो, असं त्यांचं म्हणणं. मध्येच धरला तर ते ओझं जाणार कुठे? मी मान डोलावली. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी कशालाही मान डोलवावी.

बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात टाचणी हे नाव देऊन टाकलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोचऱ्या. मागच्या खोलीकडे फिरकायचं नाही, एवढं त्यांनी सांगितलं. स्वतः मात्र सकाळी कोमट पाणी आणि टॉवेल घेऊन आत जातात.

महत्त्वाचं म्हणजे इथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांनाही येता येतं. धाकट्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

धाकट्याने उमेदीची वर्षं रुग्णवाहिका चालवण्यात घालवली. नोकरी सुटली, पण भोंगा कानातून सुटला नाही. जरा डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठून बसतो आणि कुठला रस्ता धरायचा ते विचारतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागतं. मी म्हणते, पोचलो रे आपण, झोप आता.

त्याच्यापायी सगळं घर मुकं केलंय. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली, दाराची घंटा काढली. हातातून ताट निसटलं तर दुसऱ्यांदा खणकायच्या आत माझा पंजा त्याच्यावर असतो. धाकटा म्हणतो, ताई, तू मांजर व्हायची ती चुकून माणूस झालीस. तोही घरात चवड्यांवर चालतो, खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवतो. दोन चोर एकाच घरात राहावेत तसे राहतो आम्ही.

बुधवार, १२ ऑक्टोबर

अंग आंबलंय. दिवसभर मांडी घालून बसणं, आणि घरी पुन्हा जागरण.

आज शेवटच्या बैठकीत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा नवरा जहाजावर आहे. बरेच महिने त्याचा निरोप नाही, म्हणून झोप उडालेली. मोठा वाडगा वाजवला आणि तिचा चेहरा असा काही निवळला की बघत राहावं. वाडगा मात्र घुमतच होता, थांबायचं नावच घेईना. मला डुलकी आली असावी. डोळे उघडले तेव्हा माझा डावा पंजा वाडग्यावर होता. घरच्या ताटावर जातो तसाच गेला, आपला आपण.

कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई हसतमुखाने गेली. माझ्या तळहाताला मुंग्या आल्या आहेत, आणि घरी आल्यापासून जिन्यावर पावलं वाजतात का ते मी ऐकतेय. कुणीही येणार नाहीये. तरी जीव लागून राहिलाय.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

ती शिवणकामवाली पुन्हा आली. गाल वर आलेत, झोप छान लागते म्हणाली. नवऱ्याचा काही निरोप आला का, असं मी विचारलं. तिने सौजन्याने विचारलं, कोणाचा नवरा?

मला भीती वाटली. मॅडमना सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर नोकरी जाईल, आणि धाकट्याची पाळी गुरुवारी आहे. दोन दिवसांचा तर प्रश्न. गुरुवारनंतर सांगेन.

पावलं अजून ऐकू येतात. तळहात आतून घुमतो, पाण्याखाली धरला तरी.

गुरुवार, २० ऑक्टोबर

धाकटा झोपला.

लहानपणी झोपायचा तसा, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. मला रडू आलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. वाडगा घुमत होता आणि त्याची पापणी हलली. जागा होतोय असं वाटलं, आणि मी घाबरले. एवढ्या वर्षांनी लागलेली झोप, आणि ती माझ्याच आवाजाने मोडणार?

मी हात ठेवला. या वेळी डुलकी नव्हती. जाणूनबुजून ठेवला.

तो अजून झोपलाय. त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला अलगद उचलून रुग्णवाहिकेतून घरी आणलं. साहेब आज मागच्या बाजूला झोपून आले, अशी थट्टाही केली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

उठत नाही.

हाका मारल्या, चेहऱ्यावर पाणी मारलं, शेवटी ताट आपटलं. या घरात मी ताट आपटलं! पापणीसुद्धा हलली नाही. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, श्वास ठीक, वर्षानुवर्षांची झोप साठलीय, उद्यापर्यंत पाहू म्हणाले.

त्यांना काय सांगू? तळहात कानाशी धरला की भोंगा ऐकू येतो. लांबून. आणि त्याच्या मागून धाकटा, दमलेल्या आवाजात, पुन्हा पुन्हा विचारतोय, ताई, पोचलो का?

मी पोचलो म्हणते. त्याला ऐकू जात नाही.

शनिवार, २२ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर एक बाई, केस नीट विंचरलेले, गाढ झोपलेली. त्यांची थोरली बहीण. माझ्याआधी वाडगे तीच वाजवायची. तिनेही एकदा नाद मध्येच धरला होता.

सोडवायचा मार्ग एकच, म्हणाल्या. ज्या हाताने धरला त्याच तळहातावर वाडगा घेऊन वाजवायचा. अडकलेलं सगळं बाहेर पडेल. वेळ लागेल, लागू द्यायचा. वाजवणाऱ्याचंही मन त्या नादावर जातं, ते नाद संपल्यावरच परत येतं. तोवर कुणीही, काही झालं तरी, वाडग्याला हात लावायचा नाही.

बहिणीने ते केलं होतं. ती इतकी दमलेली दिसत होती, की मॅडमना राहवलं नाही. जरा निजू दे म्हणून त्यांनीच वाडग्यावर —

स्वतःच्या तळहातावर वाडगा घ्यायचा धीर त्यांना अजून झालेला नाही. पांघरूण सारखं करत राहिल्या.

रविवार, २३ ऑक्टोबर

दुपार. दार लावून घेतलंय. केंद्रातून घरी आणलेला मोठा वाडगा डाव्या तळहातावर, उजव्या हाताने लिहितेय. जागं राहायला लिहिणं बरं.

वाजवला. घुमतोय. पावलं जिन्यावरून उतरून गेली. बरं वाटलं.

आता भोंगा. जवळ आला — खोलीतून गेला — लांब —

किती हलकं वाटतंय. माझंही जातंय बहुतेक. जागरणं, फडकी, ताटं. डोळे मिटतात. अजून घुमतोय. संपला नाही.

आतल्या खोलीत पलंग वाजला.

धाकटा. दारात उभा. चेहऱ्यावर रंग आलाय. उठला, माझा पोर उठला —

बोलायला जाते, जीभ उचलत नाही. मान पडते. अजून घुमतोय. थोडाच राहिलाय.

तो हसतोय. मला झोप लागतेय असं वाटतंय त्याला. बोट ओठांवर ठेवलंय. चवड्यांवर येतोय, मधली खुर्ची उचलून बाजूला ठेवतोय, आवाज न करता —

वाडग्याकडे बघतोय.

नको. हे वाच. धाकट्या, आधी हे वाच, मला झोपायचं नाहीये, तू हात