उखाण्याचा कॉपीराइट

३ मार्च
पुढच्या महिन्यात इंटलेक्च्युअल प्रॉपर्टीचा पेपर, तिसऱ्यांदा. या वेळी सत्तरच्या खाली यायचे नाही.
वर्गात शेजारच्या बाकावरच्या तृप्तीने साहित्यकृतीचे उदाहरण मागितले. स्वतः रचलेला, स्वतःच्याच नावाचा उखाणा सुवाच्य अक्षरात लिहून दिला :
जालन्याच्या एसटीला गर्दी होती दाट,
आदिनाथरावांसोबत धरली अंबडची वाट.
योग्य वेळी उपयोगात आण, असेही सुचवले. बिलकुल आणते, म्हणाली. समजली असावी. लाजलीही असावी. फॅनमुळे नीट दिसले नाही.

१९ मार्च
उपयोगात आणला. आष्टीला, स्वतःच्या साखरपुड्यात. आदिनाथरावांच्या जागी मिथुनराव. हा मिथुन एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. टाळ्या पडल्या. संशय नको म्हणून मीही वाजवल्या. जिलेबी घेतली नाही. नंतर घेतली.
आता सोडणार नाही.

२० मार्च
कॉपीराइट कायदा, कलम ५७. कृतीवर लेखकाचे नाव असणे हा लेखकाचा हक्क. माझे तर कृतीच्या आतच होते, तेही खोडले. शिवाय मिथुन राहतो जालन्यात. अंबडचा मी. चोरी सिद्ध.
नोटीस तयार. ऱ्हस्वदीर्घ पुन्हा तपासले.

२४ मार्च
कँटीनमध्ये नोटीस बजावली. तिने वाचली आणि विचारले, तू खरंच रागावला का मजा करून राह्यला? अंबडच्या मुद्द्यावर म्हणाली, आम्हाला जोडीनं देवीला जायचंच हाय तिकडं. एक मुद्दा गेला.
मग म्हणाली, लग्नासाठी दुसरा दे ना, तुझ्यासारखं कोणालाच जमत न्हाई.
विचार करतो म्हणालो. विचार झालेला आहे. भर मांडवात मिथुनची अब्रू जाईल असा देणार.

२ एप्रिल
सूड पूर्ण :
शंभर पोती बियाणे, एकही उगवेना,
मिथुनरावांचा विनोद मलाच उमगेना.
तिने वाचून न पाहता पर्समध्ये टाकला. उत्तम.

१७ एप्रिल
लग्न साडेबाराला. पेपर दोनला. दोन्ही आरामात जमेल. हॉल तिकीट खिशात. पहिल्या रांगेत बसणार. मिथुनचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

१७ एप्रिल, संध्याकाळ
स्पष्ट दिसला. हसून हसून फेटा पडला. कंपनीचे साहेबही हसले. उखाणा पुन्हा घ्यायला लावला. नवरदेवाच्या काकू झुंबरबाई यांनी विचारले, कोणी रचला गं?
तृप्तीने माइक घेतला. आमच्या आदिनाथभाऊनं, म्हणाली.
लेखकाचे नाव जाहीर झाले. कलम ५७ ची पूर्तता. तक्रारीला जागा उरली नाही.
मग बायकांनी घेरले. कोणाला लांब पाहिजे, कोणाला सासूचे नाव घालून. भाऊ जल्दी लिहा, भाऊ आमचं बी बघा. कॉलेजवर पोचलो तेव्हा गेट बंद.
झुंबरबाईंना मुलीच्या साखरपुड्यासाठी एक हवा होता. होणारा जावई आदिनाथ, राहणार अंबड.
जुनाच दिला. एक अक्षरही बदलावे लागले नाही.