कँटीनमधले घसे

४ जून
दोन कॉलेजांची माहितीपत्रकं आली. दोन्हींवर हवेत उडी मारलेली मुलगी, जबडा उघडा! गाणं शिकवतात की दात तपासतात?
गाणं, नाच, अभिनय — तिन्हींची मिळून एकच पदवी. भोंगा म्हणते, "आजी, आवाज घडवणारं कॉलेज हवंय." भोंगा म्हणजे माझी नात. मुलगा-सून परदेशी, घरात आम्ही दोघीच, आणि गोंगाट दहा जणींचा.
मी ठणकावलं, "कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेत पहिल्या रांगेत असायची मी. मीच ठरवणार." बुटकी म्हणून पहिल्या रांगेत होते, हे तिला कशाला सांगा!

७ जून
घराजवळचं कॉलेज पाहिलं. काचेची इमारत, फिरता रंगमंच. प्राचार्य 'मॅडम, मॅडम' करत होते, मी विरघळले. ऐटीत रंगमंचावर उभी राहिले — आणि त्यांनी तो चालू केला! पर्स एकीकडे, मी भलतीकडे. भोंगा हसून बेजार.
कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं. एकूणएक घसे बसलेले! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली मी, आवाज ओळखते. एकीला विचारलं, "सर्दी का गं?"
"नाही आजी, तालमी. इथे सगळ्यांचं असंच होतं." वर अभिमान!
भोंगा आरशात केस सारखे करत होती. तिने ऐकलं नाही. मी गप्प बसले. मी — आणि गप्प!

८ जून
"जवळचंच घेते. तुला एकटं नाही सोडायचं मला," म्हणाली.
"मी काय तान्हं बाळ आहे?" मी खेकसले. आतून गुदगुल्या. निर्लज्ज म्हातारी!

११ जून
दुसरं कॉलेज. पूर्ण दिवस गाडीत, हाडं खिळखिळी. टायरच्या दुकानावरचा मजला, पियानोची एक पट्टी मुकी. गाणं शिकवणाऱ्या बाई एक चप्पल शोधत बाहेर आल्या. मनात म्हटलं, बरं झालं!
दोन ओळींत त्यांनी भोंग्याला थांबवलं. "खांदे खाली. ओरडतेस कुणाला? मी इथेच आहे."
मी भांडायला उठले, तोवर तिने पुन्हा सूर लावला. इतकी वर्षं एका घरात राहून हा आवाज मी ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती तिथे.
दिवसभराची तालीम संपवून मुलं जिन्यात डबे खात होती. आवाज कसे, लख्ख! मेली कुठली!

१३ जून
"छान आहे, पण लांब आहे," भोंगा म्हणाली.
हात धरून तिला काचेच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये बसवलं. "डोळे मीट. नुसतं ऐक."
ऐकलं. मग रडायला लागली. "रडून घसा घालवू नकोस," मी म्हटलं.

२ ऑगस्ट
गेली. घरात काय शांतता! किती बरं वाटतंय. फारच बरं वाटतंय.

९ ऑगस्ट
संध्याकाळी भोंग्याचा फोन. "आजी, घसा का बसलाय? कुणाशी भांडलीस?"
सर्दी झालीय, म्हणून सांगितलं. दिवसभरात 'हॅलो' हा माझा पहिलाच शब्द होता.